ग्रंथालय : हक्क की मर्जी?

सातारा जिल्ह्यात पाटण नावाचा तालुका आहे. जबलपूर जिल्ह्यात पाटन नावाची तहसील आहे. नावात एका अक्षराचा फरक. परंतु पहिल्या पाटणात सार्वजनिक ग्रंथालय हा १९६७ पासून कायद्याचा विषय आहे, तर दुसऱ्या पाटनमध्ये तो आजही सरकारी मर्जीचा विषय आहे. कारण मध्य प्रदेशाने अद्याप सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाच केलेला नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती. नागपूर पुढे महाराष्ट्रात आले व त्यास कायदा मिळाला. जबलपूर कोरडेच राहिले. २००० साली वेगळ्या झालेल्या छत्तीसगडनेही दहा वर्षांच्या आत कायदा केला. मद्रासने तर तो १९४८ सालीच करून खर्चासाठी ग्रंथालय उपकर बसवला होता. तेव्हा ‘पैसा कोठून आणावा’ हा युक्तिवाद भोपाळच्या कोणत्याही रंगाच्या सरकारला शोभत नाही.

मात्र कायदा झाला की प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनी महाराष्ट्राकडे पाहावे. तेथील कायद्यात उपकराची तरतूदच नाही. शासनाने ग्रंथालय निधीत वर्षाला किमान २५ लाख रुपये द्यावेत, एवढेच बंधन! सारा डोलारा अनुदानावर उभा. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाल्याचा मोठा गाजावाजा झाला. त्यापूर्वीचे दर २०१२ चे होते, याचा सोयीस्कर विसर पडला. त्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे अनुदान झाले वर्षाला ४८ हजार, म्हणजे महिन्याला चार हजार रुपये. त्यातच ग्रंथपालाचा पगार, पुस्तके, वर्तमानपत्रे आणि विजेचे बिल भागवायचे. कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्यावी ही व्यंकप्पा पत्की समितीची शिफारस मात्र वर्षानुवर्षे धूळ खात पडली.

आता म्हणतात, काळ बदलला. लोकांना पुस्तके नकोत, स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिका हवी, नाहीतर ‘डिजिटल’ ग्रंथालय. बेकार तरुणाला बसायला उजेडाची जागा हवी, हे खरेच. पण शुल्क घेऊन खुर्ची भाड्याने देणे म्हणजे ग्रंथालय नव्हे. आणि शेतमजुराची मुलगी त्या शुल्काअभावी दाराबाहेरच राहते. संगणक जरूर आणा, परंतु तो चालवणाऱ्याला पगार देणार की त्यालाही मानधनावरच राबवणार?

उपकरासह कायदा आणि कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी, या मागण्या मध्य प्रदेशात एकत्रच मांडाव्या लागतील. ग्रंथालये हा घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय आहे. दिल्लीकडे बोट दाखवून भोपाळला सुटता येणार नाही.