सॅक भरताना

दिवाळीनंतर महाविद्यालयांच्या फलकांवर दुर्गभ्रमंतीच्या सूचना लागतात आणि मराठीचे विद्यार्थीही हौसेने नावे देतात. त्यांच्या मनात गोनीदांची 'दुर्गभ्रमणगाथा' असते आणि हातात सामानाची यादी. या दोहोंत जे अंतर आहे, त्याविषयी आम्हांस थोडे म्हणावयाचे आहे.

आपल्या दुर्गविषयक लेखनातला भटका बहुधा मोकळ्या हातांनी निघतो. वाटेत एखादे घर लागते, घोटभर ताक मिळते, भाकरी मिळते, ओसरीवर पथारी टाकता येते. या प्रसंगांतला जिव्हाळा खोटा होता असे कोणी म्हणणार नाही. मात्र तो एकट्यादुकट्या पांथस्थाच्या वाट्याला आलेला जिव्हाळा होता. चाळीस जणांच्या तुकडीनेही त्यावर हक्क सांगावा, अशी समजूत वाचनातून तयार होत असेल, तर तिची चिकित्सा वर्गातच व्हायला हवी.

रतनगड ते हरिश्चंद्रगड ही अकोले तालुक्यातली तीन दिवसांची वाट घेऊ. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून रतनगड चढावा, दुसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतमार्गे पाचनईला यावे, तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्रगड. अशा चालीत माणशी दिवसाला 3 लिटर पाणी सहज लागते. 40 जणांचे झाले 120 लिटर, म्हणजे 15 लिटरचे 8 हंडे. भर दुपारी तुकडी गावात शिरते, सगळ्यांच्या बाटल्या पुढे होतात. नळाला पाणी नसेल तर हे हंडे कोणीतरी विहिरीवरून डोक्यावर वाहून आणलेले असतात, आणि ते 'कोणीतरी' बहुधा घरातली बाई असते. पाण्याला नाही म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही, म्हणून ती नाही म्हणत नाही, इतकेच.

यामुळेच 'सॅक हलकी ठेवा' हा जो उपदेश सर्रास केला जातो, तो आम्हांस अपुरा वाटतो. सॅक हलकी करावी ती कपडे कमी करून. चालण्याचा एक जोड आणि झोपताना घालायला एक कोरडा जोड पुरतो. जीन्स तर भिजली की दोन दिवस वाळत नाही. पाणी मात्र कमी करू नये. मुक्कामाहून निघताना 3 लिटर, म्हणजे 3 किलो, ज्याचे त्याच्या पाठीवर असावे. टाक्याचे वा ओढ्याचे पाणी उकळून किंवा क्लोरिनचे थेंब टाकून भरून घ्यावे. तळाशी स्लीपिंग बॅग, कारण ती रात्रीपर्यंत लागत नाही. मध्यावर, पाठीला चिकटून, पाणी आणि शिधा. वर विजेरी, औषधे, पावसाळी कापड. जड वस्तू पाठीपासून दूर गेली की सॅक मागे ओढते, आणि खिंड उतरताना हे चांगलेच कळते. पुस्तक न्यावे का, असे मराठीचे विद्यार्थी हमखास विचारतात. न्यावे, पण साऱ्या तुकडीत मिळून एक.

जुन्या भटक्यांची एक घोंगडी अंथरूण होई, पांघरूण होई आणि पावसात खोळही होई; आज तिच्या जागी तीन वस्तू आल्या, याची हळहळ काही जण व्यक्त करतात. भिजलेली घोंगडी दिवसभर वाहिलेला माणूस ती करील असे वाटत नाही.

राहिला जेवणाचा प्रश्न. पाचनईत आधी कळवून जेवण सांगावे आणि ठरलेले पैसे चोख द्यावेत. परत येऊन लिहिलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'आदरातिथ्य' म्हणू नये. तो व्यवहार आहे, आणि तसा तो असण्यात कोणाचा कमीपणा नाही. मार्चनंतर मात्र मोठी तुकडी या वाटेला नेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गडावरची टाकी तोवर खालावू लागतात, आणि गावातल्या विहिरींवर आधी गावाचा हक्क असतो.