संगणकाला सूर्यास्त सांगावा लागतो

मराठी घरात वडिलांचे श्राद्ध तारखेने नव्हे, तिथीने होते. ज्यू घरातही तसेच आहे. मृताचा वार्षिक स्मृतिदिन हिब्रू तिथीनेच पाळायचा असतो. आदल्या संध्याकाळी दिवा लावतात आणि मुलगा 'कद्दिश' ही प्रार्थना म्हणतो. कोकणातल्या बेने इस्रायल कुटुंबांना हे नवे नाही. पण मृत्यूच्या दाखल्यावर असते ती इंग्रजी तारीख. तिची तिथी काढायची कशी?

पीएचपी या संगणकभाषेत त्यासाठी दोन तयार आज्ञा आहेत. 'ग्रेगोरियनटूजेडी' ही आज्ञा इंग्रजी तारखेचा अखंड दिवसक्रमांक काढते. 'जेडीटूज्युईश' ही दुसरी आज्ञा त्या क्रमांकावरून हिब्रू तिथी सांगते. मात्र पहिल्या आज्ञेला आधी महिना, मग दिवस, मग वर्ष द्यावे लागते. आपल्या सवयीने दिवस आधी लिहिला, तर २ ऑक्टोबरचे १० फेब्रुवारी होते!

हिब्रू महिने चंद्राचे, पण पेसाहचा सण वसंतातच आला पाहिजे. म्हणून आपल्यासारखाच तिथेही अधिक महिना असतो, १९ वर्षांत ७ वेळा. तो ओळखण्याची रीत सोपी आहे. हिब्रू वर्षाला ७ ने गुणावे, १ मिळवावा आणि १९ ने भागावे. बाकी ७ पेक्षा कमी उरली की ते वर्ष १३ महिन्यांचे. ५७८४ साली बाकी शून्य येते, म्हणून ते वर्ष ३८३ दिवसांचे होते. ५७८५ साली बाकी ७ उरते, म्हणून ते १२ महिन्यांचे, ३५५ दिवसांचे झाले.

इतके सगळे गणित संगणक बिनचूक करतो. तरीही तिथी चुकू शकते, कारण ज्यू दिवस मध्यरात्री नव्हे, सूर्यास्ताला सुरू होतो. समजा, एखाद्याचे निधन २ ऑक्टोबर २०२४ रोजी रात्री ८ वाजता झाले. संगणक सांगेल, २९ एलुल ५७८४. पण सूर्य मावळला होता आणि नवे वर्ष लागले होते. खरी तिथी १ तिश्री ५७८५. अशा वेळी दिवसक्रमांकात १ मिळवूनच दुसरी आज्ञा द्यावी. नाही तर दिवा दरवर्षी एक दिवस आधी लागेल.

दुसरी अडचण अदार महिन्याची. अधिक महिन्याच्या वर्षी अदार दोन येतात. साध्या वर्षी अदारमध्ये गेलेल्या माणसाचा दिवस त्यांपैकी कोणत्या अदारमध्ये पाळायचा, याविषयी सर्व समाजांची प्रथा एक नाही. तिथे आपल्या प्रार्थनामंदिरातल्या जाणत्यांचाच शब्द प्रमाण.

दाखल्यावर वेळ नसेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवावे, 'ते गेले तेव्हा दिवेलागण झाली होती का?' हे उत्तर कोणत्याही संगणकात सापडणार नाही.