नळी त्यांची, सिरिंज आपली?

नळीतून भरवणं म्हणजे पेशंटला जेवू घालणं, हा समज आपल्याकडच्या वॉर्डांत इतका मुरलाय की त्यावर कोणी काही बोलतसुद्धा नाही. इंजेक्शन सिस्टर देणार, सलाईन सिस्टर लावणार. पण राईल्स ट्यूबमधून दर दोन तासांनी २०० मिली फीड घालायचं काम कोणाचं? तर स्टुलावर पेंगणाऱ्या मुलीचं, सुनेचं, नाहीतर रात्रीपुरत्या ठेवलेल्या बाईंचं. माझं म्हणणं सरळ आहे. हे नर्सिंगचं काम आहे, स्वयंपाकघराचं नाही.

का ते सांगते. धडधाकट माणसाला ठसका लागला की तो खोकतो. अर्धांगवायूने गिळणं गेलेला किंवा अर्धवट शुद्धीतला माणूस बरेचदा खोकतही नाही. नळी वर सरकलेली असली तर फीड जातं फुप्फुसात, आणि दोन दिवसांनी आपण म्हणतो, "अहो, अचानक न्यूमोनिया झाला." अचानक कसला?

म्हणून प्रत्येक फीडआधी नळी जागेवर आहे ना ते बघायचं असतं. नाकपुडीपाशी सेंटिमीटरची खूण तीच आहे का, तोंडात वेटोळं तर झालं नाही ना. आणि हवा मारून स्टेथोस्कोपने पोटावर गुडगुड ऐकणं? नळी अन्ननलिकेत किंवा फुप्फुसात असली तरी तसा आवाज येऊ शकतो. ब्रिटनमध्ये २००५ सालीच ही पद्धत वापरू नका असं हॉस्पिटलांना बजावलं गेलं. त्याऐवजी नळीतून थोडा द्राव ओढून पीएच पट्टीवर बघायचा. ५.५ किंवा कमी आला तर ठीक, शंका असेल तर एक्स-रे. त्यातही ॲसिडिटीची औषधं चालू असतील तर आकडा वर जातो. आता हे सगळं त्या सुनेने कुठून शिकायचं?

बाकीचंही तसंच. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, फीडनंतरही निदान अर्धा तास. सिरिंजचा दट्ट्या काढून फीड आपल्या वजनाने उतरू द्यायचं, रेटायचं नाही. आधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी, नाहीतर नळी तुंबते. गोळ्या फीडमध्ये कालवायच्या नाहीत, आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तर कुटायच्याच नाहीत.

तुम्ही म्हणाल, सिस्टर तरी किती ठिकाणी पुरणार? मान्य. माझं भांडण सिस्टरशी नाहीच. एका सिस्टरच्या गळ्यात अख्खा वॉर्ड बांधून उरलेलं काम नातेवाइकांवर ढकलणाऱ्या व्यवस्थापनाशी आहे. बिलात नर्सिंग चार्जेस लावता ना? मग फीडच्या तक्त्यावर सही नर्सची हवी.

"घरी गेल्यावर तुम्हालाच करायचंय" हेही ऐकलंय. बरोबर आहे. मग शिकवा ना! समोर करून दाखवा, आमच्याकडून करून घ्या, चुकलं तर थांबवा. नुसती सिरिंज हातात देऊन निघून जाणं म्हणजे शिकवणं नव्हे.

तेव्हा मंडळी, वेळ आली तर संकोच करू नका. नळी आत्ता कुठे आहे आणि ती कशी तपासली, एवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत सिरिंजला हात लावू नका.