नियमात नसलेली वयाची अट

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली;
महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी;
कौशल्य विकास विभाग, महाराष्ट्र शासन;
आणि नागपूरच्या मिहानमध्ये व अमरावतीच्या बेलोरा इथे विमानांच्या देखभालीचं काम घेणाऱ्या सर्व कंपन्या.

महोदय,

मी संग्रामपूर तालुक्यातला डिझेल मेकॅनिक. वय 41. बारावी विज्ञान शाखेतून झालो, मग आयटीआयचा मेकॅनिक डिझेल ट्रेड केला आणि गेली 19 वर्षं वरवट बकालच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, डिझेल इंजिन, विहिरीवरची मोटार, जे येईल ते उघडतो, दुरुस्त करतो, त्यावर घर चालतं. दोन-अडीच वर्षांपासून मला विमानाच्या देखभालीच्या कामात जायचं आहे आणि त्यासाठी मी रात्री अभ्यास करतो. त्या वाटेत एक अट आडवी आली आहे. ती तुमच्याच नियमात नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी नागपुरात विमान देखभालीच्या एका कंपनीत मदतनीस तंत्रज्ञांच्या जागा निघाल्याचं कळलं. शेगावहून रात्रीची गाडी धरली, सकाळी स्टेशनवर तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि नऊच्या आत पत्त्यावर पोचलो. टेबलामागे पंचविशीचा मुलगा होता. नीट बोलला, फाईल हातात घेतली आणि पहिल्याच पानावर जन्मतारखेपाशी थांबला. "काका, पस्तीसची अट आहे." पुढची पानं त्याने उलटलीच नाहीत. त्या मुलाला मी दोष देत नाही, जाहिरातीत जे छापून आलं तेच तो बोलला. बाहेर येऊन भिंतीपाशी उभा राहिलो तेव्हा डोक्यावरून एक विमान उतरत होतं, चाकं बाहेर आलेली. ती चाकं बाहेर काढणारी हायड्रॉलिक व्यवस्था कशी चालते ते मी महिनाभर वाचून गेलो होतो. ते विचारायची वेळच आली नाही.

परत आल्यावर मी सीएआर-66 ही महासंचालनालयाची नियमावली पुन्हा काढून वाचली. देखभाल परवान्यासाठी किमान वय 18 आहे. कमाल वय कुठेही लिहिलेलं नाही. आणि ए वर्गाच्या किंवा पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठीच्या बी-1.2 परवान्याला अनुभव किती लागतो? आधी कसलंच तांत्रिक शिक्षण नसेल तर चालू विमानांवर तीन वर्षं. तांत्रिक कारागिराचं प्रशिक्षण झालेलं असेल आणि ते महासंचालनालयाला मान्य असेल, तर दोन. सीएआर-147 मान्यतेच्या संस्थेतून पूर्ण कोर्स केला असेल तर एक. सोबत मॉड्यूलच्या परीक्षा, प्रत्येकीत 75 टक्के. म्हणजे हा नियम ज्याने केला त्याच्या डोळ्यांसमोर माझ्यासारखा माणूस होता: हातात आधीच एक धंदा असलेला आणि विमानाचं काम वरून शिकायला तयार असलेला. ती दोन वर्षं काढायची कुठे, एवढाच प्रश्न आहे. हँगरमध्ये पाऊल ठेवू दिलं तर ना अनुभवाची नोंद होणार! नियमाने ठेवलेली वाट कंपनीच्या जाहिरातीतली एक ओळ बंद करते, आणि त्या ओळीला कारण विचारणारं कुणी नाही.

या वयात हे कुठून सुचलं, असं मला घरात आणि बाहेर सगळ्यांनी विचारलं. आई म्हणाली, "बाबू, आता या वयात कोनाच्या हाताखाली काम करशील?" तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

22 जुलै 2023 च्या पावसाने संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांची काय दशा केली ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. पाणी ओसरलं आणि माझ्या दारात ट्रॅक्टर-इंजिनांची रांग लागली. बुडालेल्या इंजिनाला सेल्फ मारला तर सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून आधी गावोगाव निरोप धाडले, किल्ली फिरवू नका. चेंबरचा नट सोडला की तेल दुधाच्या चहासारखं बाहेर यायचं. एका वेळी पाच-पाच इंजिनं उघडी. कुठला बोल्ट कुणाचा, कुठलं हेड आवळून झालं, डोक्यात राहीना. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी वही घातली. मालकाचं नाव, काय काढलं, काय बदललं, काय जुनंच बसवलं, तारीख आणि खाली माझी सही. तीन आठवड्यांनी एक इंजिन गॅस्केट उडून परत आलं. वही उघडली. इंजिन गरम करून हेडचे बोल्ट दुसऱ्यांदा आवळल्याची खूण त्या पानावर नव्हती. चूक माझी होती. मी ती त्या शेतकऱ्याला दाखवली, गॅस्केट माझ्या पैशाने घातलं आणि त्याच आठवड्यात टॉर्क रेंच विकत आणला. सतरा वर्षं मी हाताच्या अंदाजाने पाना ओढत होतो.

त्या दिवसांत एका गिऱ्हाइकाचा मुलगा सुटीवर आला होता. हवाई दलात तंत्रज्ञ आहे. बापाच्या ट्रॅक्टरसाठी थांबला असताना त्याने वही चाळली आणि म्हणाला, "भाऊ, आमच्याकडं असंच असते. सही झाल्याशिवाय विमान हलत नाही." पुढच्या सुटीत त्याने मला पुस्तकं आणून दिली. तिथून हे सुरू झालं.

त्या पुस्तकांत मला माझं गाव सापडलं. आमच्या तालुक्याचा पूर्णेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथली मोटार उघडली की पितळी इंपेलर शाबूत दिसतो आणि त्याला धरून ठेवणारा लोखंडी बोल्ट हातात भुगा होऊन येतो. डोकं जागेवर, आटे गेलेले. पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की लोखंड आधी खाल्लं जातं, हे मला अनुभवाने ठाऊक होतं. मॉड्यूल 6 मध्ये त्याला गॅल्व्हॅनिक करोजन म्हणतात हे कळलं. विमानात पत्रा ॲल्युमिनियमचा असतो. तिथे पोलादी बोल्ट उघडा टेकला तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून बोल्टला मुलामा आणि सांध्याला सीलंट लागतं. 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या 19 वर्षं जुन्या बोइंग 737 चं छत 24,000 फुटांवर उडून गेलं आणि एका हवाई सुंदरीचा जीव गेला. समुद्राच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उडणारं ते विमान, पत्र्याच्या सांध्यात गंज आणि रिव्हेटच्या रांगेत बारीक भेगा. तपासणीत त्या कुणाला दिसल्या नाहीत. मी ते प्रकरण वाचलं त्या रात्री झोप आली नाही. खाऱ्या पाण्याने पोखरलेला सांधा वरून कसा धडधाकट दिसतो ते माझ्या बोटांना माहीत आहे.

तुमची शंका मला कळते. वीस वर्षं जुगाड करणारा माणूस हँगरमध्ये येऊन तिथेही जुगाड करणार नाही कशावरून? शंका खरी आहे आणि मी ती टाळणार नाही. 10 जून 1990 ला बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेत निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून तो वाचला. आदल्या दिवशीच्या पहाटे ती काच बसवताना 90 पैकी 84 बोल्ट कमी व्यासाचे लागले होते, फरक पाऊण मिलिमीटरहूनही कमी. बसवणाऱ्याने पुस्तक न बघता जुन्या बोल्टशी डोळ्यांनी ताडून ते निवडले होते. पण तो माणूस नवखा नव्हता आणि बाहेरच्या धंद्यातून आलेलाही नव्हता. अंदाजाने काम करण्याची सवय जन्मतारखेवर ठरत नाही. ती मोडायला प्रशिक्षण, टास्क कार्ड आणि दुसऱ्याची तपासणी लागते, आणि ते सगळं तुमच्याकडे आहे. ज्याने आपली चूक आपल्याच वहीत वाचली आहे त्याला निदान या सगळ्याचं मोल समजावून सांगावं लागत नाही.

आणि चाळिशीतली माणसं तुमच्या हँगरमध्ये आजही आहेत. हवाई दलात वीस वर्षं काढून बाहेर पडलेले तंत्रज्ञ नागरी विमानांवर काम करतात. त्यांच्या आधीच्या अनुभवाला नियमावली मान्यता देते आणि वर थोडा नागरी विमानांचा अनुभव मागते. चाळिशीचे हात आणि डोळे त्यांच्या बाबतीत चालतात. आणि दुसऱ्या धंद्यातून येण्याचं म्हणाल, तर राइट बंधूंच्या 1903 च्या विमानाचं 12 अश्वशक्तीचं इंजिन चार्ली टेलर या माणसाने सहा आठवड्यांत बनवलं, तेव्हा तो 34 वर्षांचा होता. त्याआधी तो त्यांच्या सायकलच्या दुकानात दुरुस्तीचं काम करायचा.

आता मुद्द्याचं. 16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. त्याच ठिकाणी एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे आणि तिच्यासाठी 34 विमानं मागवल्याचं कंपनीने जाहीर केलं. त्यातली 31 पायपर कंपनीची एका इंजिनाची, तीन डायमंड कंपनीची दोन इंजिनांची, आणि सगळी जेट ए-1 इंधनावर चालणारी. पायपर आर्चर डीएक्सचं इंजिन दाबाने इंधन पेटवतं, त्यात स्पार्क प्लग नाही. म्हणजे तत्त्वाने ते डिझेल इंजिन आहे. वैमानिक घडवणारी विमानं दिवसभर उतरतात, पुन्हा उडतात, त्यांना तास मोजून तपासणी लागते. विदर्भात गावोगावी डिझेल इंजिनावर हात बसलेले मिस्त्री आहेत आणि विदर्भातच डिझेलच्या तत्त्वावर उडणारी विमानं येत आहेत. या दोघांची गाठ घालून देणं तुमच्या हातात आहे.

महासंचालनालयाला माझी विनंती आहे की "तांत्रिक कारागिराचं प्रशिक्षण" म्हणजे आयटीआयचे नेमके कोणते ट्रेड, याची यादी साध्या भाषेत जाहीर करा. मेकॅनिक डिझेल त्यात बसतो की नाही हे विचारायला माणसाला दिल्ली गाठावी लागू नये. बसत नसेल तर तसंही लिहा, मी पुढचा मार्ग शोधेन.

महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे मिहानही आहे आणि बेलोराही. जमीन तुम्ही देता, तेव्हा अट घालायचा अधिकारही तुमचा आहे. देखभालीचं काम घेणाऱ्या कंपनीने प्रशिक्षणार्थी तंत्रज्ञांच्या काही जागा वयाच्या अटीशिवाय भराव्यात, हे करारात लिहून घ्या. मिहानमध्ये 2015 पासून चालणारा 50 एकरांतला मोठा हँगर तर आजही सरकारी मालकीच्या एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेसकडे आहे. सुरुवात तिथून होऊ शकते.

कौशल्य विकास विभागाला थोडं जास्त सांगायचं आहे, कारण आयटीआयमुळे मी तुमचाच विद्यार्थी. आयटीआयच्या प्रवेशाला किमान वय 14 आहे, कमाल नाही. हे तुम्ही फार चांगलं केलं आहे. मग मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं विद्यावेतन 35 व्या वर्षी का थांबतं? पंचविशीतल्या मुलाच्या मागे बाप उभा असतो. माझ्या मागे दोन मुलांची फी आणि आईची औषधं आहेत. हँगरमध्ये शिकायचं तर गॅरेजचं शटर ओढावं लागेल, आणि ते ओढल्यावर पहिल्या वर्षी घरात काय येणार, या एका हिशेबावर माझ्यासारखे कितीतरी जण अडतात. नागपूरच्या शासकीय आयटीआयत दसॉ कंपनीच्या सहकार्याने विमानाच्या सांगाड्याचं काम शिकवणारा ट्रेड चालतो. तशीच संध्याकाळची एक तुकडी शेगाव किंवा बुलढाण्याला, नोकरी-धंदा सांभाळून येणाऱ्यांसाठी, सुरू करा.

भाषेचा बाऊ करू नका. परीक्षा आणि पुस्तकं इंग्रजीत आहेत, ती तशीच राहू द्या, कारण मॅन्युअल इंग्रजीतच वाचावं लागणार. पण जगभरच्या मॅन्युअलसाठी नेमून दिलेली जी सोपी तांत्रिक इंग्रजी आहे तिच्या कोशात सर्वसाधारण वापराचे मंजूर शब्द 900 च्या आसपास आहेत. एका शब्दाचा एकच अर्थ, वाक्यं छोटी. मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला ही इंग्रजी मराठीतून समजावली तर सहा महिन्यांत ती वाचता येते. मी एकट्याने, मुलीच्या शब्दकोशावर, त्यातली बरीच वाट चाललो आहे.

कंपन्यांना एवढंच सांगतो की 2023 मध्ये इंडिगोने 500 आणि एअर इंडियाने 470 विमानांची मागणी नोंदवली. ती सांभाळायला माणसं लागणार आहेत. जन्मतारखेचा रकाना शेवटी वाचा. आधी समोर एक सांधा, एक मॅन्युअल आणि टॉर्क रेंच ठेवा, शेजारी सारखे दिसणारे दोन बोल्ट ठेवा आणि उमेदवार पुस्तक उघडतो की डोळ्यांनी ताडतो ते बघा. नापास झालो तर मी मुकाट परत येईन.

चाचणीचा दिवस कळवा. मी आदल्या रात्री शेगावहून गाडी धरेन. पुरानंतर भरलेल्या दोन वह्या सोबत आणतो. चूक सापडलेल्या पानाला मी खूण घालून ठेवली आहे.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक
संग्रामपूर, जि. बुलढाणा