सरसकट निकाल नको



प्रौढांसाठीच्या अमेरिकी अ‍ॅनिमेशन विनोदी मालिका केवळ जुन्या पुण्याईवर चालतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत ‘द सिम्पसन्स’पुरते काही अंशी ग्राह्य धरले, तरी ‘किंग ऑफ द हिल’च्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या नव्या भागांना ते लागू पडत नाही. बार्ट सिम्पसन १९८९ पासून दहा वर्षांचाच आहे. या ‘गोठलेल्या काळा’मुळे, म्हणजे पात्रांचे वय न वाढवण्याच्या संकेतामुळे, भागाअखेर बहुधा सारे पूर्ववत होते आणि पात्रांच्या कृतींचे परिणाम पुढे टिकत नाहीत. ‘किंग ऑफ द हिल’ने नेमका हाच संकेत मोडला आहे. सौदी अरेबियातील नोकरी आटोपून टेक्सासमधील आर्लेन या काल्पनिक गावी परतलेला हँक हिल बदललेल्या समाजाशी जुळवून घेऊ पाहतो, तर एकेकाळी बापाच्या काळजीचा विषय असलेला बॉबी एकविसाव्या वर्षी डॅलसमध्ये जपानी-जर्मन पदार्थांच्या उपाहारगृहाचा मुख्य शेफ झालेला दिसतो. येथील विनोद व्यक्तिरेखांच्या वाढीतून उमलतो, जुन्या गमतींच्या उजळणीतून नव्हे. त्यामुळे या प्रकारावर सरसकट निकाल देण्यापूर्वी पत्रलेखकाने हे दहा भाग अवश्य पाहावेत.

— एक वाचक