चौदा आणे

१९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे हळूहळू व्यवहारातून गेले. रत्नागिरीच्या बागांत मात्र हापूस किती तयार झाला हे अजून आण्यांतच सांगतात. लांबच्या बाजारासाठी फळ चौदा आणे तयार झालं की उतरवायचं. कोवळं काढलं तर अढीत सुरकुततं, फार थांबलं तर साक्याची, म्हणजे गर आतून बिघडण्याची, भीती. झाडावर चढलेला जुना गडी हे एका नजरेत ठरवतो. कशावरून, असं विचारलं तर देठाजवळचे भरलेले खांदे दाखवील, सालीची झाक दाखवील, आणि पुढे म्हणेल, ‘दिसतंच की!’

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंबे उतरवायला नूतन झेला दिला. त्यामुळे फळ देठासकट निघतं, चीक सालीवर ओघळत नाही. तेवढं शहाणपण अवजारात उतरलं. पाण्यात बुडेल ते फळ तयार, अशीही कसोटी आहे. पण ती फळ उतरवल्यानंतरची! कोणतं आज काढायचं आणि कोणतं चार दिवसांनी, हे ठरतं फांदीवरच.

हाताला येतं पण सांगता येत नाही, अशा जाणतेपणाची एक गोष्ट जपानची आहे. तिथल्या मात्सुशिता कंपनीला १९८० च्या दशकात घरगुती पाव-यंत्र काही केल्या जमेना. शेवटी इकुको तानाका ही त्यांची तंत्रज्ञ ओसाकातल्या एका हॉटेलच्या पाव करणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली राहिली, तेव्हा कळलं की तो पीठ ओढता ओढता पिळतो. उस्तादाने हे कधी सांगितलं नव्हतं, कारण आपण काही वेगळं करतो हे त्याच्या गावीही नसावं. नोनाका आणि ताकेउची या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९९५ च्या पुस्तकात ही हकीकत मांडली, आणि मग जगभरच्या कंपन्यांना आपले जुने कारागीर आठवले.

आपल्याला कधी आठवणार? २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते हवंच होतं. परप्रांतीचा आंबा आपल्या नावावर खपतो. पण मानांकनाची नोंद बागायतदाराच्या नावे होते, काढणाऱ्याच्या नव्हे. आज कितीतरी बागांत राखणीपासून काढणीपर्यंतचं काम नेपाळी कामगार करतात. हंगाम संपला की गावी जातात, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस येईल याची हमी नसते. खता-फवारणीचा खर्च वहीत काटेकोर लिहिणारे आपण, अनुभवी माणूस निसटला तर ते नुकसान कुठल्या रकान्यात मांडतो?

आमचं म्हणणं साधं आहे. परत येणाऱ्या जाणत्या गड्याला जादा मजुरी द्या आणि त्याच्या हाताखाली इथली दोन पोरं हंगामभर पूर्ण पगारावर ठेवा. पहिल्या वर्षी ती थोडी फळं चुकीची काढतील. ते शिकवणीचे पैसे समजा.

या अंकात मिरकरवाड्याच्या तांडेलांपासून कलमं बांधणाऱ्यांपर्यंत अशाच जाणत्या हातांविषयीचं लेखन आहे. मोहोर फुटला की बागायतदारांना वाचायला सवड कुठली, तेव्हा त्याआधीच वाचा आणि भांडायचं असेल तर पत्र लिहा. दिवाळीच्या शुभेच्छा!