आभाळासाठी एक खोली

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या बागांना दिव्यांची ददात नाही. झाडांच्या बुंध्यांना हिरवे फ्लडलाइट, कारंज्यात जांभळा प्रकाश, कठड्यांना रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या. सुशोभीकरण म्हटलं की आधी रोषणाई. माझी मागणी नेमकी उलटी आहे. महापालिकेने एखाद्या बागेत माथा उघडा असलेली एक खोली बांधावी आणि लोकांना तिथं बसून नुसतं आभाळ बघू द्यावं.

हे मी प्रकाशातच नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतोय. चाकणच्या एका कारखान्यात पेंट शॉपच्या शेवटी मी इन्स्पेक्शनला उभा असतो. डोक्यावर आणि दोन्ही बाजूंना ट्यूबच्या रांगा. गाडीच्या दारावर त्यांचं प्रतिबिंब सरळ पडलं तर पास. कुठं वाकलं की तिथं डेंट किंवा धुळीचा कण. रंग जुळतो का हे बघायला वेगळा लाइट बूथ असतो, आतून करड्या रंगाचा. करडा अशासाठी, की शेजारी लाल असेल तर पांढरा हिरवट दिसतो आणि शेजारी निळा असेल तर तोच पांढरा पिवळट. डोळा कुठलाच रंग एकटा बघत नाही, शेजाऱ्यासकट बघतो.

जेम्स टरेल या अमेरिकी कलावंताने याच गोष्टीवर आयुष्य वेचलं. छताला मोठा झरोका ठेवलेल्या त्याच्या खोल्यांना ‘स्कायस्पेस’ म्हणतात. कॅनबेरात ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीच्या बागेत २०१० पासून अशी एक आहे. दिवस मावळताना आतल्या भिंतींवर लपवलेल्या दिव्यांचा उजेड सावकाश बदलतो. भिंत नारिंगी झाली की वरचा आभाळाचा तुकडा गडद निळा होतो. आभाळाला कुणी हात लावलेला नसतो. बदललेला असतो तो शेजार.

परदेशी खूळ म्हणून हे उडवून लावणाऱ्यांनी एकदा खिद्रापूरला जावं. नृसिंहवाडीला दत्तदर्शन झालं की आम्ही घरचे सगळे पुढे तिकडे वळतो. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी कोपेश्वराचं हे मंदिर आहे, बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. त्याच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि छत मधोमध गोल उघडं. बरोबर खाली तशीच गोल रंगशिला. तिथं उभं राहून वर बघितलं की काळसर दगडाची कड बाहेरची तिरीप अडवते आणि तो निळा तुकडा हाताला लागेल इतका जवळ येतो. उन्हाचं वर्तुळ फरशीवरून सरकत असतं, लहान मुलं त्याच्या कडेवर पाय ठेवून खेळतात. त्रिपुरारी पौर्णिमेला चंद्र त्या गोलात माथ्यावर येतो, आणि तो बघायला लोक रात्री जागे राहतात. पाऊस थेट आत पडतो. आठशे वर्षांत दगडाचं त्याने काही बिघडलेलं नाही.

‘आपल्याकडे तारे तरी कुठं दिसतात?’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. ताऱ्यांसाठी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ ठरलेल्या पेंचला जावं लागेल, म्हणजे पार नागपूरच्या पलीकडे. पण या खोलीला तारे लागत नाहीत. संधिप्रकाशात पालटणारं आभाळ पुरतं, आणि ते भोसरीवरही तेवढंच असतं. टरेलची अशी एक जुनी खोली खुद्द न्यूयॉर्क शहरात आहे, तिथं कुठला आलाय काळोख! चिंचवडच्या सायन्स पार्कात तारांगण आहे, मुलांना ते दाखवायलाच हवं. पण तिथलं आकाश प्रोजेक्टरचं. त्याच आवारात खरं आकाशही दाखवता येईल. चार भिंती, पाठ टेकता येईल असे दगडी बाक, वर कडा नीट तासलेला झरोका, पाणी जायला नाली. रंगीत दिवे नसले तरी चालतील, खिद्रापूरला कुठं आहेत?

अटी मात्र दोन. पहिली, आत गाणी, सेल्फी पॉइंट आणि नावांचे फलक नकोत. दुसरी अट वेळेची. आमच्या पट्ट्यात आठवड्याला पाळी बदलते. सेकंड शिफ्टवाल्याला सुट्टीपर्यंत संध्याकाळ दिसत नाही. दिवस मावळतो तेव्हा तो लाइनवर असतो. फर्स्टवाला अंधारातच कंपनीच्या बसमध्ये चढतो आणि उजाडलेलं त्याला खिडकीतून, पेंगत, दिसतं. म्हणून ही खोली दहा ते पाच अशा सरकारी वेळेत उघडणार असेल तर बांधूच नका. ती पहाटे उजाडायच्या आधी उघडा आणि रात्र पडल्यावर बंद करा. दुपारी खुशाल कुलूप लावा.